झेड ड्राइव्हवरची लाल फुली

‘पासवर्ड बरोबरच टाकतोय हो, तरी घेत नाहीये.’ द्रोणागिरीतल्या एखाद्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स ब्रोकरच्या, किंवा ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात सोमवारी सकाळी हे वाक्य हमखास कानावर पडते. ‘धिस पीसी’ उघडावा तर झेड ड्राइव्हवर लाल फुली. तिच्यावर डबल क्लिक केले की नाव आणि पासवर्ड मागणारी खिडकी येते, ते टाकले की नकाराची एक ओळ, आणि पुन्हा तीच खिडकी. आत असतात पार्टीचे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाची चेकलिस्ट, टॅलीचा डेटा. जहाजाचा कटऑफ तोंडावर आलेला, गाडी रस्त्यावर उभी, फॉर्म १३ अजून व्हायचा. सगळे कागद शेजारच्या टेबलावरच्या ‘मेन पीसी’त असूनही हाताला लागत नाहीत.

हा पट्टा कागदांवर चालतो. न्हावा-शेवाचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि उरण तालुक्यातल्या या भागात कंटेनर फ्रेट स्टेशने (सीएफएस), गोदामे, कस्टम्स ब्रोकर आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची वस्ती वाढत गेली. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि तिच्या मार्गावर द्रोणागिरीला स्वतःचे स्टेशन मिळाले. इथल्या मोठ्या सीएफएसकडे स्वतःचा आयटी विभाग असतो. लहान ऑफिसात पाच-सात पीसी, एक कॉपियर, कोपऱ्यात एक मेन पीसी किंवा नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीचा, डबा, आणि बोलावल्यावर येणारा हार्डवेअरवाला, एवढीच यंत्रणा. नेटवर्क ड्राइव्हचा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो तो याच लहान ऑफिसांना.

या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. ‘पासवर्ड घेत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा पासवर्ड बरोबर असतो, चुकलेले असते नाव. आपले मशीन समोरच्या मशीनला नेमके कोणाचे नाव सांगते आहे, हे बसलेल्या माणसाला ठाऊकच नसते. सीएफएसच्या गेटवर कंटेनर नंबर अचूक असला, पण कागद दुसऱ्याच पार्टीच्या नावाचे निघाले तर गाडी आत जात नाही, तसाच हा प्रकार. आणि नाव शोधण्याऐवजी पासवर्डच काढून टाकण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिची किंमत या बंदराने पाहिलेली आहे.

ती सवय कुठून आली ते समजून घ्यायला हवे. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात घरगुती किंवा छोट्या नेटवर्कवर फोल्डरलाच पासवर्ड लावता येत असे. कोण उघडतो आहे याला महत्त्व नव्हते. पासवर्ड माहीत असला की झाले. २००१ साली एक्सपी आले. त्यातल्या ‘सिंपल फाइल शेअरिंग’मध्ये नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’ समजला जाई. मालक, क्लार्क, डिलिव्हरीचा मुलगा, सगळे एकच. आपल्या छोट्या ऑफिसांची घडण नेमकी याच काळातली. वायर जोडली, फोल्डरवर राइट क्लिक करून शेअर केले, संपले काम. पुढे व्हिस्टापासून ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ आले, विंडोज ७ मध्ये होमग्रुप आला, तो २०१८ साली विंडोज १० मधून काढलाही गेला. तंत्र हळूहळू निनावी शेअरिंगकडून नावानिशी शेअरिंगकडे सरकत होते, ऑफिसे मात्र एक्सपीच्या सवयीतच राहिली. आजच्या बहुतेक भांडणांचे मूळ या अंतरात आहे.

आता यंत्र आत काय करते ते पाहू. क्लार्कने मेन पीसीचे फोल्डर उघडले की विंडोज आधी आपल्या साठवणीत त्या मशीनसाठी एखादे नाव-पासवर्ड ठेवले आहे का ते बघते. असेल तर तेच पाठवते. नसेल तर क्लार्क स्वतःच्या पीसीवर ज्या नावाने बसला आहे ते नाव आणि तोच पासवर्ड न विचारता पुढे करते. खिडकी उघडते ती हे फसल्यानंतर. म्हणजे माणसाला पहिल्यांदा विचारले जाण्यापूर्वी मशीनने एक-दोन वेळा दुसऱ्याच नावाने विचारून झालेले असते.

यातून एक गमतीदार वाटणारी पण डोके खाणारी अडचण निर्माण होते. आपल्याकडे नवा पीसी आला की त्यावरच्या खात्याला काय नाव दिले जाते? ‘एचपी’, ‘डेल’, ‘ॲडमिन’ किंवा नुसते ‘यूजर’. समजा क्लार्कच्या पीसीवरचे खाते ‘एचपी’ आहे आणि मेन पीसीवरचेही ‘एचपी’च. दोन्हींचा पासवर्ड एक असेल तर झेड ड्राइव्ह काही न विचारता उघडतो आणि सगळ्यांना वाटते की इथे पासवर्डच नाही. मग एक दिवस कोणीतरी मेन पीसीचा पासवर्ड बदलतो. त्या क्षणापासून क्लार्कचे मशीन ‘मी एचपी’ म्हणून जुना पासवर्ड देते, मेन पीसीला एचपी नावाचा माणूस ठाऊक असतो, पण पासवर्ड जुळत नाही, आणि नकार मिळतो. शेजारच्या टेबलावरचा, ज्याच्या पीसीवरचे नाव मेन पीसीला मुळीच ठाऊक नाही, तो मात्र गेस्ट म्हणून आत जातो, गेस्ट चालू असेल तर. ‘त्याचं चालतंय, माझं का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एवढेच असते. यावर साधा उपाय म्हणजे नावाच्या रकान्यात नुसते ‘एचपी’ न लिहिता आधी मेन पीसीचे नाव, मग बॅकस्लॅश आणि मग त्या मशीनवरचे खाते असे पूर्ण लिहिणे. म्हणजे कोणत्या मशीनवरचा एचपी, हा घोळ उरत नाही.

नकाराच्या ओळीखाली कधी कधी एक आकडा असतो. तो वाचायची सवय लावून घ्यावी, कारण अर्धे निदान त्यातच असते. ५३ म्हणजे मशीन सापडलेच नाही. तिथे पासवर्डशी झुंजण्यात अर्थ नाही, वायर, वाय-फाय किंवा फायरवॉल बघावी. ५ म्हणजे ओळख पटली, पण त्या फोल्डरचा अधिकार नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड जुळत नाही. १३२७ म्हणजे खात्यावरच बंधन आहे, आणि छोट्या ऑफिसात त्याचे नेहमीचे कारण म्हणजे खात्याला पासवर्डच नसणे. कोरा पासवर्ड असलेल्या खात्याने त्या मशीनसमोर बसून काम करता येते, पण नेटवर्कवरून आत जाता येत नाही. ही अट विंडोजमध्ये एक्सपीच्या काळापासून मुळातच घातलेली आहे. ‘आमच्याकडे पासवर्डच नाही, मग मागतो कशाला?’ असे विचारणाऱ्यांना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारा आकडा १२१९. तो सांगतो की एकाच माणसाला एकाच सर्व्हरशी एका वेळी दोन नावांनी जोडता येणार नाही. हा विंडोजचा जुना नियम आहे. सकाळी तुम्ही मेन पीसीवरचे ‘स्कॅन’ फोल्डर उघडले, ते साठवलेल्या ‘ऑफिस’ या नावाने उघडले. दुपारी ‘अकाउंट्स’ फोल्डर उघडायला गेलात, त्याला ‘ऑफिस’ची परवानगी नाही म्हणून अकाउंट्सच्या मॅडमनी आपले नाव आणि पासवर्ड टाकला. दोन्ही अचूक, तरीही नकार. कारण मेन पीसीशी तुमची ‘ऑफिस’ नावाची जोडणी अजून जिवंत आहे. इथे मॅडम पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतात, मग तो बदलतात, मग मेन पीसीवरही बदलतात, आणि तोवर तिसऱ्याच टेबलावरचा झेड ड्राइव्ह बंद पडतो.

खरे काम दोन मिनिटांचे असते. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट यूज’ लिहावे, चालू जोडण्यांची यादी येते. ज्या सर्व्हरशी भांडण आहे त्याच्या सगळ्या जोडण्या ‘डिलीट’ जोडून तोडाव्यात. उघड्या फाइल्स आणि टॅली आधी बंद करावी, नाहीतर चालू नोंदीचा घास जायचा. यादीत काही दिसत नसतानाही कधी कधी एक अदृश्य जोडणी मागे राहते. तेव्हा पीसीवरून साइन आउट होऊन परत येणे हाच खात्रीचा मार्ग. काही हार्डवेअरवाले यावर पळवाट काढतात. एक फोल्डर मशीनच्या नावाने जोडतात आणि दुसरे आयपी पत्त्याने. विंडोज या दोघांना दोन वेगळे सर्व्हर समजते, त्यामुळे दोन नावे एकत्र नांदतात. कटऑफच्या दिवशी ही युक्ती जरूर वापरावी. पण ती कायमची ठेवली की राउटर बदलल्यावर पत्ता बदलतो आणि मागच्या माणसाने काय करून ठेवले ते कोणालाच उलगडत नाही.

साठवणीबद्दल थोडे. ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’ या चौकोनात टिक केली की नाव-पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जातो. कंट्रोल पॅनेलमध्ये तो उघडून ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ पाहावे. जुन्या ऑफिसातल्या पीसीवर तिथे इतिहासच सापडतो. सोडून गेलेल्या क्लार्कचे नाव, केव्हाच भंगारात गेलेल्या सर्व्हरचे नाव, त्याच मेन पीसीसाठी एक नोंद नावाने आणि एक आयपीने. पासवर्ड बदलल्यावर जुनी नोंद काढून टाकावी, निव्वळ नवा पासवर्ड खिडकीत टाकून भागत नाही. ज्याला काळ्या खिडकीची भीती नाही त्याला ‘सीएमडीकी’ या आज्ञेने हेच काम झटपट करता येते.

गेल्या काही वर्षांत यात एक नवा गोंधळ आला आहे, तो मायक्रोसॉफ्ट खात्याचा आणि पिनचा. नवा लॅपटॉप सुरू करताना विंडोज ईमेल मागते, मग चार आकडी पिन. माणूस रोज पिन टाकून आत येतो आणि तोच आपला पासवर्ड समजतो. नेटवर्कच्या खिडकीत पिन टाकतो, नकार मिळतो. पिन त्या एका मशीनपुरता असतो, तो नेटवर्कवर चालत नाही. मग नावाची पाळी. सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’ फोल्डरात आपल्या ईमेलची पहिली पाच अक्षरे दिसतात, लोक तेच नाव टाकतात. ‘सुरेशपाटील’ असेल तर फोल्डर ‘सुरेश’च्याही अलीकडे कुठेतरी तुटलेला असतो, कारण मोजणी इंग्रजी अक्षरांची. नेटवर्कला मात्र पूर्ण ईमेल पत्ताच लागतो.

याहून अवघड प्रकार असा. मेन पीसीचे खाते मायक्रोसॉफ्टचे आहे, मालकाने मोबाइलवरून त्या खात्याचा पासवर्ड बदलला, पण मेन पीसीवर सगळे पिननेच बसतात. मेन पीसीला नवा पासवर्ड कधी कळतच नाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला नवा पासवर्ड टाकून नकार मिळतो आणि जुना टाकला तर प्रवेश. इथे माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो. उपाय म्हणजे मेन पीसीवर एकदा पिन बाजूला ठेवून खरा पासवर्ड टाकून साइन इन व्हायचे. पण माझे म्हणणे, शेअरिंगच्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खाते वापरूच नये. तिथे प्रत्येकासाठी साधे लोकल खाते करावे. मालकाच्या ईमेलवर अख्ख्या ऑफिसचे फोल्डर टांगून ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही.

परवानगीचा भाग लवकर संपवतो. फोल्डरला दोन थर असतात, एक शेअरचा आणि एक डिस्कवरचा, आणि दोन्हींत जो कडक तो लागू होतो. मोठ्या सीएफएसमध्ये, जिथे डोमेन आहे, तिथे घड्याळही बघावे. दोन मशीनच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर डोमेनची करबेरॉस ही पद्धत ओळख मान्य करत नाही. मदरबोर्डवरचा सेल संपलेला जुना पीसी दर सकाळी मागच्या तारखेत उठतो आणि डोमेनमध्ये शिरता येत नाही, यामागचे कारण तेच.

कॉपियरकडे मात्र सविस्तर बघायला हवे, कारण तिथे कोणीच बघत नाही. ‘स्कॅन टू फोल्डर’ चालते ते कॉपियरच्या पोटात साठवलेल्या नाव-पासवर्डावर. मशीन बसवायला आलेल्या माणसाने ते कधीतरी भरलेले असते, बहुधा मालकाच्या ॲडमिन खात्याचे. पासवर्ड बदलला की कॉपियर जुनाच देत राहतो. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या मशीनवर दहा चुकीचे प्रयत्न झाले की खाते दहा मिनिटे बंद होते. क्लार्क कस्टम्सच्या ई-संचितवर चढवायचे कागद एकामागून एक स्कॅन करतो, कॉपियर प्रत्येक पानामागे चुकीचा पासवर्ड ठोकतो, आणि त्याच खात्यावर चालणारे बाकीचे सगळे टेबल दहा मिनिटे बाहेर. दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते, म्हणून कोणी खोलात जात नाही. ‘आमचा सर्व्हर मधूनमधून रुसतो’ अशी तक्रार आली की मी आधी कॉपियरचे ॲड्रेस बुक उघडायला सांगतो.

हे ओळखायचा पक्का पुरावा मेन पीसीतच असतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून विंडोज लॉग्जमधल्या ‘सिक्युरिटी’त जावे आणि ४६२५ क्रमांकाची नोंद शोधावी. लॉगिनच्या अपयशाची नोंद बंद असेल तर ती आधी चालू करून घ्यावी लागते. एक नोंद उघडली की कोणत्या नावाने, कोणत्या मशीनवरून आणि कोणत्या आयपीवरून प्रयत्न झाला ते स्वच्छ लिहिलेले दिसते. खाली ‘सब स्टेटस’ असते. त्याच्या शेवटी ६ए असेल तर नाव ओळखीचे पण पासवर्ड चुकीचा. ६४ असेल तर त्या नावाचे खातेच इथे नाही. २३४ असेल तर खाते बंद पडलेले. ७२ असेल तर मुद्दाम बंद केलेले. समोर बसलेला शपथेवर सांगत असतो की आपण ‘अकाउंट्स’ या नावाने टाकले, आणि नोंदीत मात्र ‘डेल’ हे नाव दिसते. तिथे वाद मिटतो. हार्डवेअरवाल्याला बोलावण्याआधी ऑफिसातल्या एकाने जरी ही नोंद वाचायला शिकून घेतले तरी अर्ध्या फेऱ्या वाचतील.

आता सध्याचा मोठा विषय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे अनेक ऑफिसांत पीसी बदलले गेले किंवा विंडोज ११ वर चढवले गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या २४एच२ आवृत्तीने शेअरिंगचे दोन नियम कडक केले. प्रो आवृत्तीतही आता नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला सही लागते, आणि गेस्ट म्हणून आत जाण्याची मुभा बंद झाली. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण सहीची किल्ली पासवर्डातून तयार होते आणि गेस्टला पासवर्डच नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षे निनावी चालत आलेला नॅसचा डबा नव्या पीसीवरून एकाएकी उघडेनासा होतो. समोर संदेश येतो की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणाने अनोळखी प्रवेश अडवला आहे. पाच माणसांच्या ऑफिसात मग चौकशी सुरू होते की हे धोरण कोणी लावले. लावलेले असते ते विंडोजबरोबरच आलेले.

त्याआधीची पायरी २०१७ ची. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ ही जुनी भाषा नव्या मशीनवर मुळात चालू नसते. जुने नॅस आणि जुने कॉपियर तेवढीच भाषा बोलतात. इंटरनेटवर शोधले तर उपाय सगळीकडे एकच मिळतो: एसएमबी १ चालू करा, सहीची अट काढा, रजिस्ट्रीत गेस्टला मोकळे करा. तीन ओळी टाकल्या की ड्राइव्ह उघडतो, हार्डवेअरवाल्याचे पैसे मिळतात, ऑफिसची गाडी सुटते. मला हा उपाय अजिबात मान्य नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन माणसागणिक खाते करायला फार तर अर्धा तास लागतो, आणि त्यानंतर २४एच२ तक्रार करत नाही. नॅस इतका जुना असेल की त्याला एसएमबी २ देखील येत नाही, तर त्यातल्या पाच वर्षांच्या फाइल्स वाचवून तो निवृत्त करावा.

इतका आग्रह का, ते न्हावा-शेवाला चांगले माहीत आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एमईडॉक या कर हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि काही तासांत मर्स्क कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. जेएनपीटीतले गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे इथल्या बोलण्यातले जीटीआय, मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे चालवायला होते. तिथले संगणक बंद पडले, काम हाताने करण्याची वेळ आली आणि कंटेनर साचले. मर्स्कने या प्रकारातले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले.

या प्रोग्रामची चाल समजून घेतली की नेटवर्क ड्राइव्हच्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीकडे वेगळ्या नजरेने बघावे लागते. तो एसएमबी १ मधल्या एका छिद्रातून शिरत असे, त्याच छिद्रातून दीड महिना आधी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय पसरला होता. पण छिद्र बुजवलेली मशीनही वाचली नाहीत. कारण नॉटपेट्या लागण झालेल्या मशीनच्या स्मृतीतून तिथे वापरलेली नावे आणि पासवर्ड उचलत असे आणि तीच खरी नावे देऊन शेजारच्या मशीनच्या ॲडमिन शेअरमध्ये जात असे. समोरच्या मशीनच्या लेखी तो अधिकृत माणूस होता. सगळ्या पीसींवर एकच ‘ॲडमिन’ आणि एकच पासवर्ड ठेवलेल्या ऑफिसात अशा प्रोग्रामला अडवणारे काहीच उरत नाही. झेड ड्राइव्ह विनातक्रार उघडावा म्हणून आपण केलेली सोय त्याच्याही कामी येते.

मर्स्कची नावे-पासवर्ड सांभाळणारी मुख्य मशीन, म्हणजे डोमेन कंट्रोलर, जगभर पुसली गेली होती. वायर्ड मासिकाच्या २०१८ च्या वृत्तांतानुसार घानामधला एकच कंट्रोलर वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपली माणसे कोण हे पुन्हा उभे केले. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने बसवावे लागले. इथे बंदरात २०२२ च्या फेब्रुवारीत पुन्हा एकदा, या वेळी जेएनपीटीच्या स्वतःच्या कंटेनर टर्मिनलची यंत्रणा रॅन्समवेअरच्या संशयित हल्ल्याने बंद पडली आणि जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. द्रोणागिरीतल्या छोट्या ऑफिसाला असा हल्ला झेलायला ना चार हजार सर्व्हर लागतात ना घानातली प्रत मिळते.

कायद्याची बाजूही आता निनावी शेअरिंगच्या विरोधात आहे. २०१८ च्या कस्टम्स ब्रोकर परवाना नियमांनुसार ब्रोकरला नोंदी किमान पाच वर्षे जपाव्या लागतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळवणे, लॉग १८० दिवस ठेवणे आणि संगणकांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे सांगितले. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा माग ठेवणे बंधनकारक झाले. पण सगळे ‘ॲडमिन’ या एकाच नावाने बसत असतील तर तो माग काय सांगणार? कोणी इन्व्हॉइस पुसले, कोणी व्हाउचर बदलले, याला उत्तर ‘ॲडमिन’. यात त्रास बहुधा नव्या, कमी पगाराच्या मुलाला होतो, कारण संशय त्याच्यावर घ्यायला सोपा. स्वतःच्या नावाचे खाते त्या मुलाचेही रक्षण करते, हा मुद्दा मालकांपुढे कोणी मांडत नाही.

मग छोट्या ऑफिसाने करावे काय? तीन मते ऐकू येतात. पहिले, विंडोज सर्व्हर घ्या आणि डोमेन करा. चाळीस-पन्नास पीसी असतील तर बरोबर, सात पीसींसाठी तो खर्च आणि तो सांभाळणारा माणूस परवडत नाही. दुसरे, सगळे क्लाउडवर टाका. याला माझा विरोध नाही, पण बहुतेक ठिकाणी ऑफिसचा एकच जीमेल सगळ्यांच्या मशीनवर उघडलेला असतो आणि ओटीपी मालकाच्या फोनवर येतो. मालक विमानात असला की ऑफिस ठप्प. आजार तोच राहिला, जागा बदलली.

तिसरे मत माझे. मेन पीसीवर किंवा नॅसवर माणसागणिक एक साधे खाते करा, ॲडमिनचे अधिकार न देता. प्रत्येकाच्या पीसीवर त्याचे स्वतःचे एकच नाव मेन पीसीसाठी साठवा, म्हणजे १२१९ ला जागाच उरत नाही. फोल्डरच्या परवानग्या माणसाला न देता गटाला द्या, ‘डॉक्युमेंटेशन’ आणि ‘अकाउंट्स’ असे दोन गट बहुतेकांना पुरतात. जो सोडून जाईल त्याचे खाते त्याच संध्याकाळी बंद करा. या धंद्यात मुले एका फर्ममधून दुसऱ्या फर्ममध्ये जातात आणि पार्ट्याही त्यांच्या मागे जातात, तेव्हा हे सौजन्याच्या भरात पुढे ढकलू नये. बॅकअपची डिस्क वेगळ्या खात्याची, आणि काम झाले की सोडवून ठेवलेली. कॉपियरला ‘स्कॅनर’ नावाचे स्वतःचे खाते, फक्त एका फोल्डरपुरते. ते बंद पडले तर स्कॅनिंग थांबेल, ऑफिस थांबणार नाही.

यापुढचा बदलही दिसतो आहे. डोमेन नसलेली ऑफिसे आज एनटीएलएम या जुन्या ओळखपद्धतीवर चालतात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये तिचा विकास थांबवला आणि तिचे पहिले रूप विंडोज ११ च्या २४एच२ मधून काढूनही टाकले. तिच्या जागी डोमेनविना चालणारे करबेरॉस आणण्याची घोषणा ऑक्टोबर २०२३ मध्येच झाली आहे. ते आले की मशीनला नावाने हाक मारणारी ऑफिसे सहज पुढे जातील, आयपी पत्त्यावर जोडलेले झेड ड्राइव्ह पुन्हा तपासावे लागतील. सेकंडहँड कॉपियर किंवा स्वस्तातला नॅस घ्यायला वाशीला किंवा लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर पानांचा वेग विचारण्याआधी एसएमबी ३ चालते का आणि एनटीएलएमची दुसरी आवृत्ती चालते का, हे विचारा. विकणाऱ्याला सांगता आले नाही तर मॉडेल नंबर घेऊन बाहेर या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात बघून मगच पैसे द्या.